चाराचे पाच: सहा-सिलिंडर मस्टँगवाल्या नवशिक्यांसाठी प्रयोगवही

उद्देश

१९६५ किंवा १९६६ सालच्या सहा-सिलिंडरच्या फोर्ड मस्टँगचं प्रत्येक चाक चार नटांवर बसतं. ते पाच नटांवर बसवणे.

हा प्रयोग एका शनिवारात उरकतो असं व्हिडिओत सांगतात. शनिवारात उरकतो तो व्हिडिओ.

ही वही एका विशिष्ट माणसासाठी लिहिली आहे. त्याने न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये घर घेतलं, घराबरोबर दोन गाड्यांचं गराज आलं, आणि त्यातल्या एका जागेवर बायकोची मोटार राहायची ती बाहेर बर्फात गेली व आत साठीची लाल मस्टँग आली. आठ सिलिंडरची परवडली नाही म्हणून सहाची घेतली. हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. पण जुन्या गाड्यांच्या पहिल्याच मेळाव्यात एक पांढऱ्या मिशांचे अमेरिकन आजोबा आले, बोनेट न उघडता नुसते वाकले, चाकाकडे पाहिलं, "ओह, सिक्स" म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले. उद्देश तिथे ठरतो.

तत्त्व

मस्टँग लोकांपुढे आली १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर गाड्यांची मागणी नोंदली गेली, आणि मार्च १९६६ मध्ये दहा लाखावी मस्टँग कारखान्याबाहेर पडली. फोर्ड विभागाचे तेव्हाचे प्रमुख ली आयकोका यांचं नाव ज्या गाडीने घरोघर पोचवलं ती हीच. एवढी देखणी गाडी एवढ्या कमी पैशांत देण्याची युक्ती अशी की, अंगावरचा पोशाख नवा होता आणि आतली हाडं फाल्कन नावाच्या १९६० सालच्या काटकसरी गाडीची होती.

ती जाहिरातीतली किंमत अर्थात सहा सिलिंडरच्या गाडीची. तिचं इंजिन आधी १७० घनइंचांचं आणि १०१ अश्वशक्तीचं होतं, काही महिन्यांतच ते २०० घनइंचांचं आणि १२० अश्वशक्तीचं झालं. आठ सिलिंडरचं २८९ घनइंची इंजिन २०० अश्वशक्तीपासून सुरू होऊन २७१ पर्यंत जायचं. वरून जुळ्या बहिणी दिसणाऱ्या या दोन गाड्या खालून पाहिल्या तर दूरच्या नात्यातल्या निघतात. सहावालीचे ब्रेकचे ड्रम ९ इंची, स्पिंडल बारीक, डिफरन्शियल सव्वासात इंची, नट चार. आठवालीचे ड्रम १० इंची, स्पिंडल जाड, डिफरन्शियल ८ इंची आणि २७१ अश्वशक्तीवालीत तर ९ इंची, नट पाच.

म्हणजे नटांची संख्या हे उदाहरणाच्या शेवटी दोन रेघांमध्ये लिहिलेलं उत्तर आहे. ते खोडून तिथे पाच लिहिल्याने गणित बरोबर होत नाही. वरची एकेक ओळ बदलत यावं लागतं. सगळ्यात वरची ओळ इंजिनाची आहे. तिच्याकडे तूर्त पाहू नये.

आता पी.सी.डी. नट ज्यांवर बसतात त्या सगळ्या खुंट्यांच्या, म्हणजे स्टडांच्या, मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, तो पी.सी.डी. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतर मोजलं की झालं. पाच असतील तर कोणाच्याच समोर कोणी नसतं. अशा वेळी शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावं.

सहावाली मस्टँग: चार स्टड, ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. आठवाली: पाच स्टड, ११४.३ मिलिमीटर. वर्तुळ तेच! नवशिक्याला इथे हर्ष होतो. तो होऊ द्यावा. या प्रयोगात पुन्हा तशी संधी नाही. हर्ष ओसरला की त्याच वर्तुळाबद्दल आणखी एक माहिती द्यावी: चार स्टड आणि ११४.३ हे माप आपल्या मारुती ८०० चंही आहे. ही माहिती मेळाव्यात सांगू नये.

साहित्य

१. मस्टँग, एक.
२. जॅक एक, आणि जॅकवर विश्वास नसलेले मजबूत स्टँड चार.
३. आठ-सिलिंडर मस्टँगचे पुढचे स्पिंडल, ड्रम, बेअरिंग आणि ब्रेकचं सगळं सामान, डावं-उजवं.
४. मागचा ८ इंची अॅक्सल, घोड्यासकट, म्हणजे आवरण आणि डिफरन्शियल धरून सगळा. तो १९७० नंतरच्या फोर्ड मॅव्हरिकच्या आठ-सिलिंडर गाडीचा मिळाला तर उत्तम. त्याची रुंदी जवळजवळ तेवढीच असते, आणि मॅव्हरिकसाठी अजून कोणी कविता केलेल्या नसल्यामुळे भाव बेताचा असतो.
५. टाय रॉड, ब्रेकच्या नळ्या, ब्रेक ऑइल, ग्रीस, स्प्लिट पिना.
६. पाच भोकांची चाकं. चार नव्हे, पाच. (पायरी ४ पाहा.)
७. मोठा हातोडा.
८. एक विश्वासू माणूस, ज्याला प्रश्न पडत नाहीत. असा माणूस न मिळाल्यास पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले वडील चालतात, पण प्रश्नांसह.

आडवाटा, आणि त्या का घेऊ नयेत

साहित्याची यादी वाचून झाल्यावर नवशिक्याला दोन आडवाटा आपोआप सुचतात. म्हणून त्यांचा निकाल आधीच लावू.

पहिली आडवाट अॅडॅप्टरची. ॲल्युमिनियमची जाड चकती. एका बाजूने गाडीच्या चार स्टडांवर बसते, दुसऱ्या बाजूला तिचे स्वतःचे पाच स्टड असतात. मिळते, बसते, दिसतेही छान. पण चकतीच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं. चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा भार तिरका वाढतो, आणि वळणावर टायर मडगार्डची कड चाटायला लागतो. शिवाय पूर्वी चाकामागे चार नट तपासायचे होते. आता चार आतले, न दिसणारे, आणि पाच बाहेरचे. बारीक स्पिंडल बारीकच राहतं, फक्त त्याच्यावर काम वाढतं.

दुसरी आडवाट नव्याने भोकं पाडण्याची. "वर्तुळ तेच आहे ना, मग ड्रमला आणखी पाच भोकं पाडू," असं म्हणणाऱ्याने कंपास घेऊन बसावं. चार भोकं ९० अंशांवर असतात, पाच ७२ अंशांवर. जुन्या चारांना चुकवून नवी पाच कशीही फिरवली, तरी कुठली तरी एक जोडी ९ अंशांच्या पलीकडे दूर जात नाही. ११४.३ च्या वर्तुळावर ९ अंश म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. आणि अर्ध्या इंचाच्या स्टडला भोक हवं निदान १२.७ मिलिमीटरचं. म्हणजे भोकं दोन न राहता आठचा आकडा तयार होतो. एक जुनं भोक सामायिक ठेवून बाकीची चार नवी पाडली, तर ती जुन्यांना भिडत नाहीत खरी, पण दोन ठिकाणी मधे जेमतेम ५ मिलिमीटर धातू उरतो. त्या ५ मिलिमीटरवर ताशी शंभर किलोमीटर वेगाने बायको-मुलांना नेण्याचं धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याला या वहीची गरज नाही, इतर काही गोष्टींची आहे.

कृती

*पायरी १.* गाडी सपाट जागी उभी करा. हातब्रेक ओढा. चाकं जमिनीवर असतानाच नट अर्धा फेर सैल करा. चाक हवेत गेल्यावर पाना फिरवला तर नटाऐवजी चाक फिरतं, आणि चाकाबरोबर आपणही. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असत. तुमची गाडी फोर्ड आहे, त्यामुळे नट निघत नसेल तर कारण आटे नसून गंज आहे.

*पायरी २.* उचलण्याआधी खाली स्प्रिंगबद्दल लिहिलं आहे ते वाचा. पुढची बाजू उचला, स्टँड लावा, चाक काढा. ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, बेअरिंग, ड्रम असं एकेक करून काढा. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि फडकं बायकोच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. हे वाक्य विनोदी नाही.

पुढचंही नाही. मस्टँगमध्ये पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसलेली असते, खालच्यावर नाही. त्यामुळे खालच्या आर्मखाली जॅक लावला म्हणून स्प्रिंग आवरली असं समजू नका. गाडी उचलण्याआधीच वरचा आर्म आणि चासी यांच्या मधे ठोकळा घाला, मगच बॉल जॉइंट सोडवा. दाबलेली स्प्रिंग सुटली की ती कोणाच्या मालकीची आहे हे पाहत नाही.

बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा. मग स्पिंडलच्या कानावर बाजूने हातोडा मारा. बोल्टवर मारू नका. नाही निघालं तर पुन्हा मारा. शेजारच्या घरात दिवा लागला की जॉइंट सुटायच्या बेतात आहे असं समजावं.

*पायरी ३.* आठवालीचा जाड स्पिंडल जागेवर चढवा. चढतो! बॉल जॉइंट बसतात, नट लागतात. आता टाय रॉड जोडा. जोडता येत नाही. सहावालीच्या टाय रॉडचं टोक लहान, आठवालीच्या स्पिंडलचं भोक मोठं. ते डोलकाठीसारखं आत हलेल, आणि स्टीअरिंग ही हलणारी वस्तू हवी असली तरी अशा अर्थाने नव्हे. इथे दोन मार्ग आहेत: आठवालीचं सगळं स्टीअरिंगचं सामान घेणं, किंवा याच अडचणीसाठी मिळणारं बदली टोक घेणं, ज्याचे आटे सहाचे आणि सुळा आठचा. नवशिक्याने दुसरा मार्ग घ्यावा. पहिला मार्ग घेणारे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बस वापरतात, आणि अमेरिकेच्या उपनगरात बस नसते.

*पायरी ४.* आता पुढे पाच नट आहेत, मागे चार. या अवस्थेत फार माणसं थांबलेली आहेत. काही वर्षंसुद्धा. अशी गाडी समोरून आठ सिलिंडरची आणि मागून सहाची असते. फोटो समोरून काढावा.

या टप्प्यावर डिकी उघडून स्टेपनी पाहा. ती चार भोकांची आहे. मागचं चाक पंक्चर झालं तर ती चालेल, पुढचं झालं तर नाही. पुढच्या चाकासाठी पाच भोकांची स्टेपनी घेतली तर मागच्याला ती चालणार नाही. दोन स्टेपन्या ठेवल्या तर डिकीत सामान मावणार नाही. म्हणून पायरी ५.

*पायरी ५.* मागची बाजू उचला. सव्वासात इंची अॅक्सलचे फक्त शाफ्ट बदलून भागेल का, हा प्रश्न इथे विचारला जातो. नाही. शाफ्टच्या आतल्या टोकाला जे दाते असतात त्यांची संख्याच वेगळी; सव्वासात इंचीत २४, आठ इंचीत २८. अख्खा घोडा बदलावा लागतो. पाट्यांचे यू-बोल्ट सोडा, शॉक अॅब्सॉर्बर सोडा, ब्रेकची नळी सोडा, हातब्रेकची केबल सोडा. जुना घोडा खाली येतो. तो आपल्या छातीवर न येता जॅकवर यावा अशी व्यवस्था आधीच असावी.

*पायरी ६.* नवा घोडा पाट्यांवर बसला. आता प्रोपेलर शाफ्ट जोडा. जोडता येत नाही. आठ इंची डिफरन्शियलचा क्रॉस मोठा आहे आणि शाफ्टची लांबीही जुळत नाही. शाफ्टवाल्याकडे जा. तो कापून, नवा क्रॉस घालून, बॅलन्स करून देतो. तोवर गाडी गराजमध्ये स्टँडवर, बायकोची मोटार बाहेर, ऋतू कोणताही असो.

डिफरन्शियलचं प्रमाण बदललं असेल तर स्पीडोमीटर खोटं सांगायला लागतो, कारण त्याच्या केबलच्या टोकाचं चिमुकलं दातेरी चाक जुन्या प्रमाणासाठी घातलेलं होतं. तेही बदला. चार नटांचे पाच करताना गिअरबॉक्सपर्यंत हात पोचला, याची वहीत नोंद करा.

*पायरी ७.* ब्रेकची हवा काढणे. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. चारही चाकांना एकाच कप्प्यातून ऑइल जातं. दुहेरी मास्टर सिलिंडर मस्टँगला १९६७ सालापासून आला. एकेरीत एका नळीने दगा दिला तर चारही ब्रेक जातात. म्हणून इथे दुहेरी बसवावा असं जाणकार सांगतात, आणि जाणकारांचं ऐकून तुम्ही मूळ खर्चाच्या अंदाजाचा कागद शांतपणे फाडता.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. इथे ते मागचं उजवं. वडिलांना पेडलवर बसवा.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

निपल सोडा, बुडबुडे येऊ द्या, निपल आवळा. मगच:

"सोडा."

"सोडलं. अरे, चार नटांवर गाडी चालत नव्हती का?"

"चालत होती, बाबा. दाबा."

"दाबलं. मग?"

निपल आवळण्याआधी या प्रश्नाचं उत्तर देऊ नये. बोलण्याच्या नादात बाबा पेडल सोडतात आणि निपलमधून हवा परत आत जाते. उत्तर नंतरही देता येत नाही, पण तो भाग ब्रेकशी संबंधित नाही.

*पायरी ८.* चाक चढवा. चार नट असताना आवळणं सोपं होतं: एक, मग त्याच्या समोरचा, दुसरा, मग त्याच्या समोरचा. पाचांत समोर कोणी नाही. हात न उचलता काढतात त्या पाच टोकांच्या चांदणीच्या क्रमाने जा: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. आधी सगळे हाताने, मग थोडे, मग चाक जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने पूर्ण. पायाने पान्यावर उड्या मारून नाही. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा. नंतर गाडी अलाइनमेंटला न्या. स्पिंडल आणि टाय रॉड बदलल्यावर चाकं कुठे तोंड करून उभी आहेत हे तुमच्या डोळ्यांना कळत नाही, टायरला कळतं.

निरीक्षण

प्रयोगापूर्वी: नट सोळा. ब्रेक लागत होता. गाडी सरळ जात होती.

प्रयोगानंतर: नट वीस. ब्रेक पूर्वीपेक्षा चांगला लागतो, कारण ड्रम मोठे आहेत. गाडी अलाइनमेंटनंतर पुन्हा सरळ जाते. वेग वाढलेला नाही. इंजिन १२० अश्वशक्तीचंच आहे, फक्त आता ते जड घोडा आणि जड ड्रम ओढतं. गाडीला मात्र टॉर्क थ्रस्ट नावाची पाच आऱ्यांची चाकं शोभून दिसतात, ज्या घराण्याची चाकं १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगला होती. त्या गाडीच्या इंजिनाचं माप ३९० घनइंच होतं. तुलना करू नये.

अनुमान

चार नट हा दोष नव्हता. १२० अश्वशक्तीच्या, हलक्या, काटकसरी गाडीला ते पुरेसे होते, आणि ज्या इंजिनिअरने ते चार ठेवले त्याने ड्रमपासून शाफ्टच्या दात्यांपर्यंत सगळं त्या चारांना शोभेल असंच ठेवलं होतं. पाचवा नट बसवताना हे सगळं उलगडून पाहावं लागतं. मेळाव्यात मिरवायला म्हणून सुरू केलेल्या प्रयोगातून हाती लागतं ते हे: आपली गाडी कशी बांधलेली आहे, हे तिच्या मालकाला पहिल्यांदाच कळतं. एवढ्याचसाठी प्रयोग करायचा असेल तर तो जरूर करावा.

तोंडी परीक्षा

*प्रश्न:* आता गाडी आठ-सिलिंडरची म्हणून विकता येईल का?
*उत्तर:* नाही. बोनेट उघडल्यावर डाव्या बाजूच्या पत्र्यावर गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. 'टी' असेल तर २०० घनइंची सहा; 'सी', 'ए' किंवा 'के' असेल तर आठ. तो क्रमांक बदलण्याची कृती या वहीत दिलेली नाही, कारण तसं करणं अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे.

*प्रश्न:* मग गाडीची किंमत वाढली का?
*उत्तर:* गाडीवर झालेला खर्च वाढला. या दोन वेगळ्या राशी आहेत.

*प्रश्न:* उरलेलं चार नटांचं सामान भंगारात टाकावं का?
*उत्तर:* मुळीच नाही. ड्रम, स्पिंडल, सव्वासात इंची घोडा, चार भोकांची चाकं आणि त्यांच्या टोप्या, सगळं तेल लावून, चिठ्ठ्या लावून फळीवर ठेवावं. हल्ली कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली सहा-सिलिंडर मस्टँग शोधणारे लोक वाढत आहेत, आणि दुरून एखादा गृहस्थ हे सामान मागायला येईल. त्याने काही वर्षांपूर्वी आपल्या गाडीचे चाराचे पाच केलेले असतील आणि आता त्याला पाचाचे चार करायचे असतील. सामान त्याला रास्त भावात द्यावं. कृती विचारली तर हीच वही द्यावी, आणि वर्कशॉप मॅन्युअलांत प्रत्येक धड्याखाली असतं ते वाक्य वर लिहून द्यावं: जोडणी उलट क्रमाने करावी.